'दिले' या क्रियापदाची झडती: व्हिएतनामची खाद्ययात्रा आणि वाडग्यातील इतिहास

१/
हनोईच्या ले व्हान हुउ रस्त्यावर 'बुन चा' विकणारे एक साधे भोजनालय आहे. मे २०१६ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा आणि खाद्यप्रवासी अँथनी बोर्डेन यांनी तेथे बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून भोजन केले. ते टेबल आता काचेच्या पेटीत जतन केलेले आहे. हनोईतील अनेक खाद्ययात्रा त्या पेटीपाशी थांबतात.

२/
त्याच शहरात, तेथून काही किलोमीटरवर, किम न्गुऊ रस्त्यालगतच्या गल्लीत दुसरे एक स्मारक आहे. १९४४-४५ च्या दुष्काळात अन्नावाचून मेलेल्यांचे अवशेष तेथे पुरलेले आहेत. खाद्ययात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत हे ठिकाण सहसा नसते. अन्नाच्या इतिहासातून भूक वगळली, तर उरलेल्या कथनाला इतिहास म्हणावे का, हा या थ्रेडचा प्रश्न आहे.

३/
व्हिएतनामला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या अलीकडे वाढली आहे. सकाळी फो, दुपारी बान मी, संध्याकाळी अंड्याची कॉफी असा त्यांचा दिनक्रम असतो. जोडीला ठरलेले निवेदन असते: चीनने शेवया दिल्या, फ्रान्सने पाव आणि कॉफी दिली, व्हिएतनामने त्यांचा सुरेख संगम साधला. वाक्य कानाला गोड आहे. मात्र त्यातील 'दिले' या क्रियापदाची झडती घेणे आवश्यक आहे.

४/
आरंभ फोपासून करावा. तांदळाच्या चपट्या शेवया, गोमांसाच्या हाडांचा तासन्‌तास उकळलेला रस्सा आणि वर मांसाचे पातळ काप. हा पदार्थ प्राचीन वाटतो, पण त्याचे वय शतकाहून थोडेसेच अधिक आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नाम दिन्ह आणि हनोईच्या परिसरात तो आकाराला आला. नावाचा वाद अजून मिटलेला नाही. कोणी ते चिनी शेवयांच्या नावाशी जोडतात, कोणी 'पो-तो-फ' या फ्रेंच रश्श्याशी.

५/
नावाहून महत्त्वाचा प्रश्न असा, की हाडे आली कोठून? व्हिएतनामी शेतकऱ्याच्या गोठ्यातील बैल आणि रेडे नांगरासाठी असत. नित्याच्या जेवणात गोमांस क्वचितच येई. फ्रेंच अधिकारी आणि सैनिक यांच्यासाठी गुरे कापली जाऊ लागली. उत्तम मांस त्यांच्या टेबलावर गेले. हाडे आणि उरलेसुरले तुकडे स्वस्तात बाजारात आले. खांद्यावर कावड घेऊन फिरणाऱ्या चिनी आणि व्हिएतनामी विक्रेत्यांनी त्या हाडांचा रस्सा केला.

६/
म्हणजे फ्रेंचांनी फो 'दिला' नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात ज्याला मोल नव्हते, त्यातून कावडवाल्यांनी अन्न निर्माण केले. देणगीमागे देणाऱ्याचा हेतू असतो. येथे तसा कोणताही हेतू नव्हता. फोचे श्रेय द्यायचेच असेल, तर ते ज्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, अशा या फिरत्या विक्रेत्यांना द्यावे लागते.

७/
फ्रेंच राजवटीने हेतुपुरस्सर दिलेली गोष्ट वेगळीच होती, ती म्हणजे मक्तेदारी. पॉल दूमेर हा १८९७ ते १९०२ या काळात इंडोचायनाचा गव्हर्नर-जनरल होता. मीठ, मद्य आणि अफू यांवरील सरकारी मक्ते त्याने बळकट केले. गावोगाव घरी गाळली जाणारी आणि पितरांच्या पूजेला लागणारी तांदळाची दारू बेकायदा ठरली. लोकांनी कारखान्यातील दारू विकत घ्यावी, अशी सक्ती आली.

८/
मिठाच्या मक्त्याचा घाव अधिक खोल होता. व्हिएतनामी स्वयंपाकाचा प्राण म्हणजे 'नुओक माम' हा माशांचा अर्क. त्यात घटक दोनच: लहान मासे आणि मीठ. लाकडी पिंपांत हे मिश्रण सुमारे वर्षभर मुरते. मीठ महागले, की प्रत्येक घराचे प्रत्येक जेवण महागते. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह का झाला, हे जाणणाऱ्या वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

९/
या अर्काचा राजकारणाशी प्रत्यक्ष संबंधही होता. १९०६ मध्ये फान थिएत येथे सुधारणावादी देशभक्तांनी 'लिएन थान्ह' ही कंपनी स्थापन केली. देशी भांडवलातून नुओक माम तयार करणे आणि त्यातून राष्ट्रीय कार्याला बळ देणे, हा तिचा उद्देश होता. त्याच सुमारास बंगाल आणि महाराष्ट्रात स्वदेशीची चळवळ जोरात होती. दोन देशांतील माणसे एकाच रोगावर एकच औषध शोधत होती.

१०/
याच वर्तुळातील देशभक्तांनी फान थिएतमध्ये 'दुक थान्ह' ही शाळा चालवली. १९१० मध्ये तेथे एक तरुण शिक्षक शिकवत होता. जून १९११ मध्ये तो सायगॉनहून एका फ्रेंच जहाजावर स्वयंपाकघरातील मदतनीस म्हणून निघून गेला. पुढे जगाने त्याला हो ची मिन्ह या नावाने ओळखले. फान थिएतचा अर्क आजही खाद्ययात्रेत चाखवला जातो; ही हकीकत मात्र त्यासोबत क्वचितच वाढली जाते.

११/
आता किम न्गुऊच्या स्मारकाकडे. १९४० मध्ये जपानी सैन्य इंडोचायनात आले. फ्रेंच प्रशासनही मार्च १९४५ पर्यंत कायम राहिले. शेतकऱ्यांकडून सक्तीने भात वसूल झाले. भाताच्या जमिनीत ताग आणि इतर युद्धोपयोगी पिके लावण्याची सक्ती झाली. दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यांनी लोहमार्ग आणि जलवाहतूक तुटली. दक्षिणेत तांदूळ होता, पण तो उत्तरेला पोहोचेना. त्यातच १९४४ च्या वादळांनी आणि पुरांनी पीक बुडवले.

१२/
दक्षिणेतील वीजकेंद्रांत कोळशाअभावी धान्य इंधन म्हणून जाळले जात असताना उत्तरेत माणसे रस्त्यावर मरत होती. मृतांचे अंदाज ४ लाखांपासून २० लाखांपर्यंत आहेत. २ सप्टेंबर १९४५ रोजी हो ची मिन्ह यांनी वाचलेल्या स्वातंत्र्यघोषणेत २० लाखांहून अधिक मृत्यूंचा उल्लेख आहे. नव्या राष्ट्राच्या जन्माच्या दस्तऐवजातच भुकेची नोंद आहे.

१३/
भारतीय वाचकाला येथे १९४३ चा बंगाल आठवणे स्वाभाविक आहे. दोन्ही ठिकाणी युद्ध होते, परकी सत्ता होती आणि सत्तेचा प्राधान्यक्रम ठरलेला होता. निसर्गाने पीक कमी केले. उरलेले धान्य कोणाच्या मुखी जाईल, हे माणसांनी ठरवले.

१४/
या पार्श्वभूमीवर अंड्याच्या कॉफीकडे पाहावे. ही कॉफी १९४६ मध्ये हनोईतील न्गुयेन व्हान जियांग यांनी घडवली. ते तेथील मेट्रोपोल या आलिशान हॉटेलात काम करत. शहरात दुधाची टंचाई होती, म्हणून त्यांनी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. आज ही 'अभिनव कल्पना' म्हणून छायाचित्रांत मिरवते. कल्पना अभिनव होतीच. परंतु तिच्यामागे दुष्काळातून नुकतेच सावरणारे आणि युद्धाच्या उंबरठ्यावर उभे असलेले शहर होते.

१५/
१९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देश १७ व्या अक्षांशावर विभागला गेला आणि सुमारे ८ ते १० लाख लोक उत्तरेतून दक्षिणेला गेले. फोही त्यांच्यासोबत गेला. दक्षिणेच्या समृद्ध बाजारात त्याला मोडाची कडधान्ये, सुवासिक पाने आणि गोडसर सॉस मिळाले. 'उत्तरेचा फो साधा, दक्षिणेचा भरगच्च' हा भेद आज चवीचा विषय मानला जातो. त्या भेदामागे निर्वासितांची एक अख्खी पिढी आहे.

१६/
बान मीची कथा हीच. फ्रेंच पद्धतीत पाव, मांसाचे काप आणि लोणी बशीत वेगवेगळे वाढले जाई. उत्तरेतून आलेल्या एका दांपत्याने १९५८ मध्ये सायगॉनमध्ये 'होआ मा' हे दुकान काढले. कामावर जाण्याच्या घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला हातात धरून खाता यावे, म्हणून तेथे सारे पावातच भरून मिळू लागले. परक्या पद्धतीचा पाव नव्या शहरातील नोकरदाराची न्याहारी बनला.

१७/
'पाव' हा मराठी शब्द पोर्तुगीज आहे. तरीही वडापावाला कोणी पोर्तुगालची देणगी म्हणत नाही. तो मुंबईच्या घाईगर्दीचा आणि कष्टकऱ्यांच्या खिशाचा पदार्थ आहे, हे येथे सर्वांना ठाऊक असते. स्वतःच्या पदार्थाबाबत जो विवेक सहज सुचतो, तो परक्याच्या पदार्थाबाबत का हरवावा?

१८/
येथे दुसऱ्या टोकाचीही चूक टाळली पाहिजे. सारी टंचाई परकीयांनीच आणली, असे सांगणे हेही अर्धसत्य ठरेल. १९६० च्या दशकात उत्तरेवर अमेरिकेची वैमानिकरहित टेहळणी विमाने घिरट्या घालत. सरकारी दुकानांत मिळणाऱ्या, मांसाचा मागमूस नसलेल्या वाडग्याला लोकांनी तेव्हा नाव ठेवले: 'वैमानिकाविना फो'.

१९/
१९७५ नंतरही शिधापत्रिकांचा काळ संपला नाही. उदास माणसाला पाहून 'शिधापुस्तिका हरवल्यासारखा चेहरा' असे म्हटले जाई. भातात रताळे, कसावा किंवा भरड धान्य मिसळले जाई. त्याला दीर्घ युद्धाची हानी, अमेरिकेचे निर्बंध आणि शेजाऱ्यांशी झालेले नवे संघर्ष कारणीभूत होते. सक्तीच्या सामुदायिक शेतीचे स्वतःच्या सरकारने राबवलेले धोरणही तितकेच कारणीभूत होते.

२०/
१९८६ मध्ये 'दोई मोई' सुधारणा सुरू झाल्या आणि १९८८ मध्ये जमिनीच्या कसणुकीचे निर्णय पुन्हा कुटुंबांकडे आले. १९८९ मध्ये व्हिएतनामने १० लाख टनांहून अधिक तांदूळ निर्यात केला. माती तीच होती, शेतकरी तेच होते. बदलला तो निर्णयाचा अधिकार. आज रस्त्याच्या कडेला दिसणारी अन्नाची रेलचेल प्राचीन नाही. ती चाळीस वर्षांचीही नाही.

२१/
ही रेलचेलही विनामूल्य आलेली नाही. ब्राझीलखालोखाल जगात सर्वाधिक कॉफी आज व्हिएतनाम पिकवतो. तिचे प्रमुख क्षेत्र मध्यवर्ती पठारावर आहे. कॉफीच्या विस्तारात तेथील जंगले तुटली, सखल प्रदेशातून मोठे स्थलांतर झाले आणि एदे, जराई यांसारखे मूळ समाज आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले. घट्ट गोड दुधातील त्या काळ्या कॉफीत ही गोष्टही विरघळलेली आहे.

२२/
'दिले' या क्रियापदाचा मोह भारतीय पर्यटकालाही सुटत नाही. मी सोनची चंपाकालीन शिवमंदिरे आणि संस्कृत शिलालेख पाहून 'भारताने यांना संस्कृती दिली' असा उद्गार सहज निघतो. परंतु ती मंदिरे चाम लोकांनी बांधली. १४७१ मध्ये विजया पडली, १८३२ मध्ये पांडुरंग या अखेरच्या चाम राज्याचे उरलेसुरले अस्तित्वही संपले. चाम समाज मात्र आजही तेथे आहे. मध्य व्हिएतनामच्या आंबवलेल्या माशांच्या परंपरेत त्यांचा वाटा असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. 'चीन अधिक फ्रान्स' या सूत्रात त्यांना जागाच नाही.

२३/
यावर आक्षेप येईल: सहल आनंदासाठी असते, तेथे शोकसभा कशाला? आक्षेप रास्त आहे. वाडग्यासमोर बसलेल्या माणसाने अपराधी वाटून घ्यावे, अशी अपेक्षा कोणीच करत नाही. व्हिएतनामी माणूस तर नाहीच. तो स्वतः त्या टंचाईच्या दिवसांवर विनोद करतो. पण विनोद कळण्यासाठी संदर्भ लागतो, आणि तो संदर्भच खाद्ययात्रेतून गाळला जातो.

२४/
उपाय अवघड नाही. आठ पदार्थांच्या कार्यक्रमात अर्धा तास किम न्गुऊसाठी ठेवता येईल. अंड्याच्या कॉफीच्या पेल्यासोबत १९४६ हे साल सांगता येईल. साठी ओलांडलेल्या विक्रेत्या आजीला, दुभाष्याच्या मदतीने आणि आदराने, शिधापुस्तिकेविषयी विचारता येईल. बहुतेकदा उत्तर मिळते, आणि ते कोणत्याही माहितीपत्रकाहून मोलाचे असते.

२५/
काचेच्या पेटीतील ते टेबल अवश्य पाहावे. दोन पाहुणे एका संध्याकाळी तेथे जेवले, ही घटनाही इतिहासाचाच भाग आहे. मात्र त्या टेबलापासून किम न्गुऊच्या स्मारकापर्यंतचे अंतर मोटारसायकलवर थोड्या मिनिटांचे आहे. जो प्रवासी दोन्ही ठिकाणी जाईल, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फोचा वाडगा समोर आल्यावर 'हे कोणी दिले?' असा प्रश्न पडणार नाही. तो विचारेल, 'हे कोणी, कशातून उभे केले?'