घर-संसार : तान्ह्याची भूक आणि थोरल्यांचे रुसवे

व्यापारी घरात मालाच्या वजनाबाबत सहसा कोणी अंदाजावर विसंबत नाही. पोते काट्यावर चढल्यावाचून पट्टी होत नाही आणि पट्टी झाल्यावाचून रक्कम वहीत पडत नाही. तथापि त्याच घरात नुकतेच जन्मलेले मूल पुरेसे दूध पिते की नाही, असा प्रश्न उभा राहिला म्हणजे काटा आणि वही दोन्ही बाजूला पडतात. निर्णय घेतला जातो तो भेटायला आलेल्या बायकांच्या बोलण्यावरून आणि बाळाच्या रडण्यावरून. रडणारे बाळ उपाशी, झोपणारे बाळ तृप्त, असे एक सोपे गणित घरोघरी रूढ आहे. हे गणित चुकले की त्याची किंमत तान्ह्याला मोजावी लागते.

सोलापूर जिल्ह्यातील बाजारपेठेच्या एका गावी धान्याची आडत चालविणारे असेच एक कुटुंब आहे. घरात आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातू. थोरला सात वर्षांचा, धाकटा चार वर्षांचा. ऐन तुरीच्या हंगामात तिसरा मुलगा झाला. सदतीस आठवडे पुरे होताच जन्मलेल्या या बाळाचे वजन २ किलो ६०० ग्रॅम होते. पाचव्या दिवशी ते २ किलो ४०० ग्रॅमवर आले. यात काळजीचे फारसे कारण नव्हते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत निरोगी बाळाचेही वजन थोडे उतरते. शेकडा सातपर्यंतची घट सामान्य समजली जाते, शेकडा दहाच्या पुढे ती गेली तर मात्र तत्काळ वैद्यकीय लक्ष लागते. दहा ते चौदा दिवसांत बाळाने जन्मवेळचे वजन पुन्हा गाठावे, अशी अपेक्षा असते.

या बाळाने ते गाठले नाही. ते दिवसाचा बहुतेक वेळ झोपे. छातीशी घेतले की चार-दोन घोट ओढून डोळे मिटी. ‘किती शहाणे बाळ, त्रास म्हणून नाही,’ असे येणारे-जाणारे म्हणत. थोरल्या दोघांनी रडून घर डोक्यावर घेतले होते. त्या मानाने हे गुणी ठरले. आईला मात्र प्रत्येक पाजणीला असह्य वेदना होत. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. तिने एकदा सासूबाईंना तसे सांगितलेही.

“अगं, तिसरं बाळंतपण तुझं. पहिल्या दोघांना पाजलंस तेव्हा कुठे काही झालं होतं?” आजी म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. अनुभवी आईला अडचण येऊच शकत नाही, ही एक सार्वत्रिक समजूत त्यांच्या तोंडून बोलत होती. वस्तुतः पाजणे हे आई आणि मूल या दोघांचे मिळून काम आहे. आई तीच असली तरी मूल नवे असते. थोडे आधी जन्मलेले, कमी वजनाचे, झोपाळू मूल दूध ओढण्यास अशक्त असू शकते. कुणाच्या जिभेखालचा पडदा आखूड असतो, कुणाच्या टाळूला फट असते. त्या कारणांचा शोध न घेता ‘हिचे दूधच आटले’ असा निवाडा देणे सोपे जाते, आणि त्या निवाड्याचे ओझे बाळंतिणीच्या मनावर बसते.

दहाव्या दिवशी घरात बाटली आली. गाईच्या दुधात निम्मे पाणी घालून ते दिवसातून तीन वेळा पाजू लागले. येथून चक्र उलटे फिरले. आईच्या दुधाचा नियम व्यापाऱ्याला सांगावा लागू नये असा आहे : मागणी तसा पुरवठा. स्तन जितके रिकामे होतात, तितके दूध पुन्हा तयार होते. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ छातीशी कमी ओढते, म्हणून दूध कमी होते. दूध कमी झाले म्हणून आणखी बाटली दिली जाते. शिवाय बाटलीच्या बोंडातून दूध सहज गळते. त्या सवयीमुळे छातीशी कष्ट घेण्याची बाळाची तयारी आणखी मंदावते. एक वर्षाच्या आत गाईचे दूध हे मुख्य अन्न म्हणून योग्य नाही. त्यात लोह फार अल्प असते आणि प्रथिने व क्षार यांचा भार कोवळ्या मूत्रपिंडांना जड जातो. त्यात पाणी घातले म्हणजे ते पचायला हलके होते ही समजूत खोटी. त्यामुळे एवढेच होते की मुलाला मिळणारे पोषण निम्म्यावर येते.

पंधराव्या दिवशी लसीच्या चौकशीसाठी आई बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. वजन भरले २ किलो ४२० ग्रॅम. दहा दिवसांत अवघे वीस ग्रॅम! पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन दररोज सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढावे लागते. डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, दिवसाकाठी किती लंगोट ओले होतात? घरात कोणालाच नक्की सांगता येईना. ‘होतात तीन-चार,’ असे उत्तर मिळाले. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा लंगोट चांगले ओले व्हावे लागतात. जे घर तुरीच्या पोत्यामागे दोन किलोची घट सोडत नाही, त्या घरात बाळाची घट दहा दिवस कोणाच्या ध्यानात आली नव्हती. आजोबा हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत.

उपाय साधा होता, परंतु तो चिकाटीचा होता. प्रथम डॉक्टरांनी आईला समोर पाजावयास लावले. बाळ केवळ स्तनाग्र तोंडात धरीत होते. म्हणून दूध येत नव्हते आणि म्हणूनच चिरा पडत होत्या. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकावे, डोके आणि धड एका रेषेत असावे, त्याने तोंड मोठे उघडले की मगच त्याला जवळ ओढावे, आणि स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाचाही बराचसा अंश त्याच्या तोंडात जावा. खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी, इतके समजावून देण्यास अर्धा तास लागला. दुसरी गोष्ट, झोपलेल्या बाळाला दर दोन-तीन तासांनी उठवून दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजणे. तिसरी गोष्ट, प्रत्येक पाजणीनंतर उरलेले दूध स्वच्छ हातांनी काढून ते वाटी-चमच्याने देणे. बाटली त्याच दिवशी बंद झाली.

काढलेले दूध टाकून देण्याची गरज नसते. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ते खोलीतील साधारण तापमानाला चार तास टिकते. उन्हाळ्याच्या कडाक्यात त्याहून कमी. फ्रीजमध्ये, दारापासून दूर आतल्या बाजूस, ते चार दिवस राहते. ते गॅसवर उकळू नये; भांडे कोमट पाण्यात ठेवले की पुरे. ज्यांना आईचे दूध मिळूच शकत नाही अशा अशक्त बाळांसाठी दुग्धपेढ्याही आहेत. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झालेली दुग्धपेढी आशियातील पहिली मानली जाते. आणि क्वचित प्रसंगी डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याचे दूध द्यावे लागले, तर त्यात आईने कमीपणा मानू नये. फक्त पाणी आणि भुकटी यांचे प्रमाण डब्यावर लिहिल्याबरहुकूम असावे, काटकसरीसाठी ते पातळ करू नये. आपल्या समाजात औषधांची व किराण्याची दुकाने पुष्कळ आहेत. शिशूंच्या दूधभुकटीची आणि दूधबाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे गल्ल्यावर बसणाऱ्यानेही लक्षात ठेवावे.

या सगळ्या धावपळीत घरातील दोन मोठ्या मुलांकडे कोणाचे लक्ष नव्हते. सोयर संपेपर्यंत आईला शिवायचे नाही, असे त्यांना बजावले होते. सोयर संपली तेव्हा आईच्या मांडीवर बाळ होते आणि दार बहुधा लोटलेले असे. चार वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागला. ‘मला पण वाटीतूनच दूध पाहिजे,’ असा हट्ट त्याने धरला. एके दुपारी त्याने पाळण्याची दोरी इतक्या जोरात ओढली की आजी ओरडल्या आणि त्याला दोन धपाटे बसले. अशा मुलाला ‘आता तू मोठा झालास’ असे सांगण्याने काही साधत नाही, कारण मोठे झाल्यामुळेच आई गेली असे त्याला वाटत असते. हा हट्ट दुष्टपणाचा नसून भीतीचा असतो. दिवसातील पंधरा मिनिटे आईने, आणि ते शक्य नसेल तेव्हा वडिलांनी, केवळ त्याच्यासाठी राखली तर तो पुष्कळ निवळतो.

येथे आजोबांना एक युक्ती सुचली. दुकानातील एक कोरी वही त्यांनी थोरल्या नातवाच्या हाती दिली आणि रोजमेळ लिहावयास शिकविले. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस नावे. बाळ पाजले की वेळ जमेत लिहायची. लंगोट ओला झाला की नावे टाकायचा. धाकट्याकडे ओला लंगोट बादलीत नेऊन टाकण्याचे आणि भावाला मोठ्याने वर्दी देण्याचे काम आले. पहिल्या दिवशी नावेच्या बाजूस चार नोंदी झाल्या. चौथ्या दिवशी सात झाल्या, तेव्हा धाकट्याने ही बातमी धावत जाऊन आडतीवर सांगितली. सात वर्षांच्या मुलाचे अक्षर वेडेवाकडे होते, पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ती वही पानोपान वाचली. आठवड्याच्या काट्याबरोबर ही वहीही महत्त्वाची ठरली.

वडिलांच्या वाट्यालाही काम आले. लिलावाच्या दिवसांत रात्री उशिरा येणारा हा तरुण पहाटे दोनच्या पाजणीला उठू लागला. आई पाजून झाली की वाटी-चमच्याने दूध तो देई, ढेकर तो काढी, आणि आईला सलग तीन तास झोप मिळे. पान्हा फुटण्यास विश्रांती आणि निश्चिंत मन लागते. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांनी बाळंतिणीला बळ येते, परंतु सारखे टोमणे ऐकणाऱ्या आणि झोपेला पारख्या झालेल्या आईला लाडवांचा कितीसा उपयोग होणार?

आहाराविषयी आपल्या घरांत दोन-तीन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्या लागतात. लसूण वर्ज्य असल्याने दूध कमी येईल, ही शेजारघरची भीती निराधार आहे. नवजाताच्या जिभेवर मध चाटविण्याची चाल आपल्यात मुळातच नसावी, आणि वैद्यकशास्त्रही एक वर्षापर्यंत मध देऊ नये असेच सांगते, कारण त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. गुटी, पाणी, साखरपाणी यांचीही सहा महिने गरज नाही. मात्र शाकाहारी मातेने ब-१२ जीवनसत्त्वाकडे दुर्लक्ष करू नये. धान्य, डाळी, भाज्यांतून ते मिळत नाही. दूध, दही, पनीर यांतूनच थोडेफार मिळते. आईच्या अंगी त्याची उणीव असली तर तिच्या दुधातही ती उतरते, आणि बाळ फिके, मंद, निरुत्साही होऊ शकते. रक्ताची तपासणी करून डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घ्याव्यात.

चौविहार आणि उपवासांचा प्रश्नही येतोच. रात्री चार वेळा पाजणाऱ्या आईला तहान लागणारच. सोळाकारण भावनांत शक्तितस्तप सांगितले आहे. तप आपली शक्ती न लपविता, पण शक्ती पाहून करावे, हा त्याचा आशय. पाजणाऱ्या सुनेला हे स्वतःहून बोलण्याचा संकोच वाटतो. घरातील वडीलधाऱ्यांनीच पुढे होऊन तिला रात्रीचे पाणी देवविले, तर तिच्या मनावरचा भार उतरेल. या घरात तांब्या भरून उशाशी ठेवण्याचे काम पुढे आजींनीच पत्करले.

सहा आठवड्यांनी बाळाचे वजन ३ किलो १५० ग्रॅम भरले. ते आता भुकेने स्वतः उठते आणि थोरल्या दोघांसारखेच घर डोक्यावर घेते.

तथापि सर्वच अडचणी घरी सुटणाऱ्या नसतात. बाळ पाजण्यासाठीही जागे होत नसेल, लंगोट सहापेक्षा कमी ओले होत असतील, कावीळ पायांपर्यंत उतरली असेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, पिताना धाप लागून घाम येत असेल, दूध नाकावाटे येत असेल अथवा हिरवी उलटी झाली असेल, तर हंगाम, मुहूर्त, पाहुणे काहीही न पाहता त्याच वेळी डॉक्टरांकडे जावे. बाकीच्या दिवसांसाठी घरात एक वही असावी, आठवड्याला एकदा दवाखान्याचा काटा असावा, आणि बाळंतिणीने ‘दुखते’ म्हटले की ते पहिल्याच वेळी ऐकून घेणारे एक माणूस असावे.