व्हायोलिन, पियानो आणि तानपुरा

धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा पाच कंदील परिसरात ज्यांची पेढी होती, त्या घरांतील ज्येष्ठांना आकाशवाणीची पहाटेची धून वेगळी आठवून द्यावी लागत नाही. तानपुऱ्याच्या गुंजनावर सावकाश चढत जाणारे ते व्हायोलिन अनेकांच्या कानांत आजही आहे. त्यामागचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

ही धून वॉल्टर कौफमान यांची मानली जाते. १९०७ मध्ये बोहेमियातील कार्ल्सबाड येथे जन्मलेले हे ज्यू संगीतकार, हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये मुंबईस आले. व्हायोलिनवादक मेहली मेहता (झुबिन मेहतांचे वडील) यांच्या साथीने त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताची धुरा त्यांच्याकडे आली. १९३९ मध्ये प्राग जर्मनांच्या हाती गेले आणि परतीची वाट खुंटली.

प्रारंभी भारतीय संगीत त्यांना अगदी परके वाटले. ज्या संगीतात लाखो लोक रमतात ते निरर्थक कसे असेल, उणीव आपल्याच कानांत असावी, असे मानून ते ऐकत राहिले.

मुंबईच्या वर्षांत त्यांनी व्हायोलिन व पियानोसाठीही लेखन केले. सोनाटा क्रमांक २ त्यांपैकीच. सोनाटात पियानो केवळ साथीला नसतो, दोन्ही वाद्ये बरोबरीने बोलतात. रागाकडे ओढ असलेल्या संगीतकाराची अडचण नेमकी येथेच आहे. पियानोची पट्टी दाबली की स्वर ठरल्या जागीच वाजतो, त्यातून मींड निघत नाही. व्हायोलिनवर बोट सरकताच एक स्वर दुसऱ्यात विरघळतो. (पेटीचीही हीच मर्यादा. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दूर ठेवले, त्यामागे हाही आक्षेप होता.) धुनेत पियानो नाहीच. शिवरंजनीच्या छायेतील ती सुरावट व्हायोलिनने तानपुऱ्याच्या आधारावर एकट्याने वाजवायची आहे. परक्या कानाने हा निर्णय घेणे, ही लहान गोष्ट नव्हे.

१९४६ मध्ये कौफमान भारतातून गेले. पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले, नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापक. उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा जाडजूड ग्रंथ १९६८ चा. १९८४ मध्ये ते निवर्तले. मुंबईचा तो सोनाटा टोरांटोच्या आर्क आँसाम्बलच्या वादकांनी ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केला, तेव्हा २०२० साल उजाडले होते.