टाळ्या फंडिंगला, तारखा पगाराला

‘नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा,’ हे वाक्य आता आपल्याकडच्या प्रत्येक करिअर मार्गदर्शन शिबिरात ऐकू येतं. 16 जानेवारी 2016 रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू झाली आणि उद्योजक हा शब्द मागे पडून ‘फाउंडर’ आला. मोहल्ल्यातल्या शाळेच्या सभागृहातही एखाद्या फाउंडरला शाल-श्रीफळ दिलं जातं. त्याची ओळख करून देताना कंपनीने किती कोटींचं फंडिंग मिळवलं, हे आवर्जून सांगितलं जातं. त्या कंपनीचा माल कोण विकत घेतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

गेली काही वर्षं मी पुण्या-मुंबईतल्या अशा फाउंडर मंडळींसोबत हिशेब आणि करारमदारांचं काम करतो. गुंतवणूकदारांसमोर ठेवायचे आकडे तपासतो, पगारपत्रकं करतो, भागीदारांची भांडणं सोडवायला बसतो. या माणसांत हुशारी आहे, मेहनत आहे, हे मान्यच. पण आतून जे दिसतं ते शिबिरात सांगितलं जात नाही, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट. फंडिंग ही कमाई नाही, ते दुसऱ्याचे पैसे आहेत. साधा किराणा दुकानदारही गल्ल्यातले पैसे आणि उसने आणलेले पैसे वेगळे ठेवतो. स्टार्टअपच्या जगात मात्र उसन्याचाच सत्कार होतो. बायजूसचं उदाहरण समोर आहे. 2022 साली या कंपनीचं मूल्यांकन 22 अब्ज डॉलर होतं. जुलै 2024 मध्ये क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे 158 कोटी रुपयांच्या थकबाकीवरून कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. अब्जावधींचं मूल्यांकन थकलेलं बिल भरायला उपयोगी पडत नाही. उलट 1996 पासून चालणारी झोहो आणि 2010 साली सुरू झालेली झेरोधा या कंपन्या बाहेरच्या गुंतवणूकदाराचे पैसे न घेता ग्राहकांच्या पैशावर मोठ्या झाल्या. शिबिरात त्यांचा दाखला क्वचितच दिला जातो.

दुसरी गोष्ट पगाराची. पैसा संपत आला की कशाला कात्री लागते, यावरून फाउंडर कळतो. एका कंपनीत तीन महिने पगार थकले होते आणि त्याच काळात परिषदेच्या प्रायोजकत्वाचं बिल वेळेवर चुकतं झालं. कर्मचाऱ्यांना दर आठवड्याला नवी तारीख मिळत होती. त्यांत भिवंडी, मुंब्र्याहून येणारी मुलं होती. घरातली पहिली पदवीधर, घरभाडं त्यांच्याच पगारावर.

अशा मुलांना कमी पगारावर घेताना ‘ईसॉप’चं आमिष असतं. म्हणजे पुढे कधीतरी ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क. बहुतेक ठिकाणी तो चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतो आणि पहिल्या वर्षाच्या आत नोकरी सुटली तर हाती काहीच लागत नाही. शेअर घेतले तरी कंपनी बाजारात नोंदलेली नसेल तर विकायचे कुणाला? कंपनी बुडालीच, तर 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात देण्यांचा क्रम ठरलेला आहे. त्यात कर्मचाऱ्यांच्या बारा महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगाराला वरची जागा आहे, सामान्य भागधारक मात्र रांगेत अगदी शेवटी. पगार सोडून शेअर घेणारा मुलगा स्वतःच्या पायाने रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहतो. हे त्याला नोकरीवर घेताना कुणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट कागदाची. ‘आपण भाई-भाई, आपल्यात लिहायचं काय?’ या वाक्यावर सुरू झालेल्या भागीदाऱ्या मी मोडताना पाहिल्या आहेत. तिघांत समान हिस्से वाटले, सहा महिन्यांत एक जण दुबईला गेला आणि एक तृतीयांश कंपनी त्याच्या नावावर राहिली. कर्मचाऱ्याला चार वर्षांची अट घालणारे फाउंडर स्वतःच्या हिश्श्याला तीच अट लावायला विसरतात.

‘जोखीम घेतल्याशिवाय तरक्की होत नाही,’ असं उत्तर यावर मिळतं. मान्य. पण जोखीम कुणाची? फाउंडरची कंपनी बुडाली तर तो अनुभवी ठरतो, पुढच्या शिबिरात अपयशावर भाषण देतो. त्याच्याकडे काम करणाऱ्या मुलीच्या बायोडाटावर बंद पडलेल्या कंपनीचं नाव उरतं आणि घरात उधारी. स्वतःच्या पैशावर वीस वर्षं गॅरेज चालवून दर शनिवारी कारागिरांचा हप्ता चुकता करणाऱ्या माणसाला मात्र आपण फाउंडर म्हणत नाही, स्टेजवरही बोलावत नाही.

शिबिरं भरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, शाल जरूर द्या. त्याआधी पाहुण्याला श्रोत्यांसमोर तीन प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात ग्राहकांकडून किती रुपये आले? पगार कोणत्या तारखेला झाले? भागीदारांत काय लिहून ठेवलं आहे? आणि नोकरीला जाणाऱ्या मुलांनो, तुम्हीही मुलाखतीत हेच विचारा. उत्तर टाळलं गेलं, तर पगार कमी करून शेअर घेऊ नका.