मोडले की घडविले?

गेल्या पावसाळ्यात नववीचा तास चालू असता एका बाकाखाली काहीतरी गुणगुणले. आम्ही ते तत्काळ जप्त केले. तळहातावर मावेल एवढे, चार पंख्यांचे ते चिमुकले ड्रोन होते. त्याच्या तळाशी माडाच्या हिरांचे चार पाय सुताने बांधले होते. पुढच्या दोन पात्यांना नखांना लावावयाचा तांबडा रंग दिला होता. आणि वर झाकण म्हणून टेबलटेनिसच्या चेंडूची अर्धी कवटी बसविली होती! महागाचे खेळणे विद्रूप केले म्हणून वडिलांनी मुलाला आधीच चार शब्द सुनावले होते. त्यांत आम्ही आपली भर घातली. ती भर आज आम्हांस मागे घ्यावीशी वाटते.

कारण त्या मुलाने एकही गोष्ट उगाच केली नव्हती. चारी अंगांनी सारखे दिसणारे हे यंत्र हवेत गेले की त्याचे तोंड कोणीकडे हेच कळेनासे होते. तांबड्या पात्यांमुळे ते कळते. गवतात उतरताना पाती अडकत. हिरांच्या पायांमुळे ती वर राहतात. मूळ झाकण फुटले होते. नवे मागण्याऐवजी फुटक्या चेंडूवर काम भागले. अख्खा चेंडू २.७ ग्रॅमचा, म्हणून त्याने अर्धाच घेतला.

हा हिशेब क्षुल्लक नव्हे. असे खेळणे भरते सुमारे ३० ग्रॅम. आणि एका दमात उडते पाच-सात मिनिटे. तेथे प्रत्येक ग्रॅमचा जाब द्यावा लागतो. एक पाय जड झाला की यंत्र त्या अंगाला कलते. शोभा वाढली की उड्डाण घटते. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पंखे एका दिशेने फिरतात, उरलेले दोन उलट दिशेने. म्हणूनच ते स्वतःभोवती गरगरत नाही. पाते भलत्या जागी बसविले, तर ते न उडता उलथते. न्यूटनचा तिसरा नियम आम्ही फळ्यावर लिहून देतो. येथे तो बोटांना कळतो.

आणि आपल्या गोव्यात हे नवीन थोडेच आहे? चवथीची माटोळी समतोल बांधणारे, दिवाळीला बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील आणि रद्दी कागदांचा नरकासुर उभा करणारे हात हेच ना?

पालकांची भीती मात्र अगदीच निराधार नाही. काम करण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी, फुगलेली वापरू नये, चार्जिंगला लावून निजू नये. २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन हौसेने उडविण्यास परवाना लागत नाही. तरी विमानतळाच्या आसपास व माणसांच्या डोक्यांवरून ते उडवू नये. एवढी शिस्त घरच्या वडीलधाऱ्यांनी लावावी. परंतु मोडेल म्हणून खेळणे कपाटात कुलपात ठेवणे ही शिस्त नव्हे. दुसरे खेळणे आणण्यापूर्वी पहिले उघडू द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एखादे बिघडेल, पण ते का बिघडले हे सांगू शकणारा मुलगा किंवा मुलगी घरात तयार होईल.

ते ड्रोन आम्ही त्या मुलाला परत केले व आमची चूकही त्याच्यापाशी कबूल केली. मात्र तास चालू असता ते पुन्हा गुणगुणले, तर पुन्हा जप्त होईल, हेही येथे नमूद करून ठेवतो.