माग गुंडाळून निघणाऱ्या बायका

गालिचा हा शब्द आपण फारसीतून उचलला. तिथे ‘काली’ म्हणजे मोठा गालिचा आणि ‘कालीचे’ म्हणजे लहान. आपण मात्र दिवाणखाना व्यापणाऱ्यालाही गालिचाच म्हणतो! इराणच्या फार्स प्रांतातल्या कश्काई बायका जे विणतात, त्याला हे लहानपणाचे नाव शोभते.

कश्काई हे तुर्की बोली बोलणारे मेंढपाळ. उन्हाळ्यात झाग्रोस पर्वतातली कुरणे, हिवाळ्यात आखाताकडचा उबदार सखल मुलूख, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ये-जा. अशा जगण्यात उभा, अवजड माग कसा परवडणार? म्हणून तो जमिनीवरच आडवा ताणायचा आणि मुक्काम हलला की अर्ध्या विणकामासकट गुंडाळून जनावरावर लादायचा. पुन्हा ताणताना कमीजास्त होते, कड वाकडी येते. मंजिष्ठ, नीळ, डाळिंबाची साल, अक्रोडाची टरफले यांचा रंग एका खेपेसारखा दुसऱ्या खेपेला उतरत नाही. एकाच तांबड्यात फिके-गडद पट्टे उमटतात. त्याला ‘अबरश’ म्हणतात. शहरी कारखान्यातला कारागीर कागदावरच्या नकाशाबरहुकूम गाठी मारतो. इथे नक्षी बाईच्या डोक्यात असते.

या वाकडेपणाला ‘अस्सल’ म्हणून आज शौकीन जादा पैसे मोजतात, याचे मला हसूही येते आणि रागही. ज्या भटकंतीतून तो आला, ती रझाशाहने १९३०च्या दशकात बळाने मोडायला घेतली. वाटा अडल्या, कळप मेले. १९४१ साली तो गादीवरून गेल्यावर बरेच जण पुन्हा तंबू घेऊन निघाले. पण १९६३ मध्ये कुरणे सरकारजमा झाली. जीवन मोडायचे आणि त्याच्या खुणा भिंतीवर टांगायच्या, असा हा व्यवहार.

जाड लोकरीचा ‘गब्बे’ तर घरच्या वापरासाठीच विणला जाई, व्यापारी त्याला फारसे विचारत नसत. मोहसेन मखमलबाफ यांच्या १९९६च्या चित्रपटाने त्याचे नाव जगभर नेले. २०१० साली युनेस्कोने फार्सच्या विणकामाला मानवतेच्या वारशाच्या यादीत मान दिला, आणि त्याच वर्षी अमेरिकेने इराणी गालिच्यांची आयात बंद केली. २०१६ मध्ये ती उघडली, २०१८ मध्ये पुन्हा मिटली. तेहरानच्या राज्यकर्त्यांना धडा शिकवायचा म्हणून मागावर बसलेल्या बाईची मजुरी का कापावी, हे मला उमगलेले नाही. शहरी गालिच्याच्या काठावर कधी कधी उस्तादाचे नाव विणलेले असते. तिचे नाव सहसा कुठेच नसते.