रंगमंचावरचे नाव आणि ज्ञानकोशातले पान

ऑनलाइन ज्ञानकोशात कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या संपादकमित्रांनो,



तुम्ही विनामोबदला काम करता, म्हणून आधी आभार. आता तक्रार.

'सुलोचना' हे नाव घ्या. मूकपटांच्या जमान्यातल्या सुलोचना म्हणजे रुबी मायर्स. १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांचा. पडद्यावरची आई म्हणून आठवतात त्या सुलोचना लाटकर. लावणी गाणाऱ्या, त्या सुलोचना चव्हाण. शेवटच्या दोघींनाही पद्मश्री मिळाली, एकीला १९९९मध्ये, दुसरीला २०२२मध्ये. एक दुवा चुकला की एकीचा पुरस्कार दुसरीच्या पानावर जाऊन बसतो आणि तिथून शोधयंत्रांच्या चौकटीत. म्हणून नुसत्या 'सुलोचना' या शीर्षकाखाली तिघींकडे वाट दाखवणारे पान हवे.

शीर्षक प्रेक्षक ज्या नावाने ओळखतात तेच असावे, याबद्दल वाद नसावा. नारायण श्रीपाद राजहंस शोधत कोणी येत नाही, बालगंधर्व शोधत येतात. पण मजकुरात पुढे 'गंधर्व यांनी नाटक कंपनी काढली' असे लिहू नका. गंधर्व हे आडनाव नाही. सवाई गंधर्व कुंदगोळकर, छोटा गंधर्व गोरे, कुमार गंधर्व कोमकली. आडनाव समजून या मंडळींना सूचीत 'ग'खाली एका रांगेत बसवले तर वाचकाला ते एकाच घरातले वाटतील. बिरुद पूर्ण लिहावे, नाहीतर लिहूच नये. याउलट 'पंडित', 'लावणीसम्राज्ञी' ही विशेषणे शीर्षकात नकोत. मास्टर विनायकांचे 'मास्टर' मात्र राहू द्या. ते नावातच मुरले आहे.

खरी कसोटी हिराबाई बडोदेकरांच्या पानावर लागते. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. आई वेगळी झाली आणि मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई, सकीनाच्या सरस्वती, पुढे राणे. सख्ख्या भावंडांची तीन आडनावे! इथे कोणीतरी 'दुरुस्ती' म्हणून सगळ्यांना एकच आडनाव लावले, तर एका घराचा इतिहासच पुसला जाईल. हे बदल माहितीचौकटीत 'मूळ नाव' म्हणून कोंबण्यासारखे नाहीत. कशामुळे झाले ते चरित्रात, त्या त्या जागी, दोन वाक्यांत सांगायला हवे.

पुरावा कुठला? चित्रपटाची श्रेयनामावली, नाटकाची जाहिरात, ध्वनिमुद्रिकेवरचे लेबल यांवरून कलावंत कोणत्या नावाने वावरला एवढेच सिद्ध होते, जन्मनाव नाही. जन्मनावासाठी आत्मचरित्र, अभ्यासपूर्ण चरित्र, जुनी विस्तृत मुलाखत पाहावी. वर्तमानपत्रातला मृत्युलेख जपून वापरा. घाईत लिहिणारा उपसंपादक बऱ्याचदा तुमच्याच पानावरून नाव उचलतो, आणि महिन्याभराने तुम्ही तोच लेख संदर्भ म्हणून जोडता. ही गंमत नाही. चुकीचे नाव असेच पक्के होते. लेखाची तारीख आणि पानावर ते नाव पहिल्यांदा कधी आले, हे इतिहासाच्या टॅबवर ताडून पाहायला पाच मिनिटे लागतात.

हयात कलावंतांच्या बाबतीत आणखी सांभाळा. शिवाजीराव गायकवाड हे नाव रजनीकांत यांनी कधी लपवले नाही, ते खुशाल लिहा. पण ज्यांनी स्वतः जुने नाव जाहीर केलेले नाही, त्यांचे ते न्यायालयाच्या कागदातून किंवा शाळेच्या दाखल्यातून उकरून काढणे ज्ञानकोशाचे काम नव्हे.

तेव्हा एवढे करा: पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत प्रचलित नाव, लगेच त्याच ओळीत संदर्भासह जन्मनाव, आणि जन्मनावावरून प्रचलित नावाच्या पानाकडे पुनर्निर्देशन. संदर्भ मिळत नसेल तर ती जागा मोकळी ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक