न ओसरणारी काळजी

पावसाने ओढ दिली म्हणजे शेतकऱ्यास काळजी लागावयाचीच. ती रास्त आहे. तिच्यामुळेच तो दुबार पेरणीची तजवीज करून ठेवतो. परंतु पाऊस पडून पीक उभे राहिले तरी जिचा जोर ओसरत नाही, जी कपाशीवरून कर्जाकडे व कर्जावरून मुलाच्या तापाकडे धावत राहते, ती काळजी निराळी समजली पाहिजे. बहुतेक दिवस, निदान ६ महिने असे चालले, झोप उडाली, मान-खांदे आखडले, थकवा व चिडचिड वाढली, तर वैद्यकशास्त्र त्यास चिंताविकार म्हणते.

शेतीलाही त्याची झळ लागते. गुलाबी बोंडअळीचे सरासरी ८ पतंग दर कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री आढळल्यास फवारणी करावी, हा नियम असा शेतकरी जाणतो. तरीही सापळा रिकामा व बोंडे निरोगी असता तो पंप पाठीवर घेतो. फवारल्याने घटकाभर जीव शांत होतो, आणि म्हणूनच चार दिवसांनी पुन्हा तीच ओढ लागते.

अशा माणसास भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. ‘काळजी सोडा’ हा पारावरील शहाण्यांचा आवडता उपदेश तर अगदीच निरुपयोगी. सोडता आली असती तर त्याने ती केव्हाच सोडली असती. हा विकार समुपदेशनाने व औषधांनी आटोक्यात येतो. मात्र रोगी दवाखान्यात पाठदुखी तेवढी सांगून परततो. रात्रीची तळमळ डॉक्टरांस प्रथम सांगावी. २०२२ साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, विनामूल्य आणि अपरात्रीही बोलता येते.